अडवणारे गाव, वाट दाखवणारे गाव

नदी कोणाची, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. ती जिथे उगम पावते त्या डोंगराची म्हणावी, तर तिथे तिची धार ओंजळभरच असते. ती जिथे समुद्राला मिळते त्या किनाऱ्याची म्हणावी, तर तिथे ती आपले नावच टाकून देते. काठावर मळा करणारा तिला आपली म्हणतो आणि तिच्या पाण्यावर होडी लोटणाराही तिला आपलीच म्हणतो. हा प्रश्न ज्याच्या दारात सातशे वर्षे उभा राहिला आणि ज्याने त्याला काळाबरोबर निरनिराळी उत्तरे दिली, असे एक चिमुकले गाव जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर वसलेले आहे. त्याचे नाव काउब. त्याची लोकवस्ती आज एक हजारही भरत नाही. परंतु ऱ्हाइनवरून माल वाहून नेणाऱ्या नाविकाला हे नाव ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही.

ऱ्हाइन ही युरोपातील मोठ्या नद्यांपैकी एक. स्वित्झर्लंडच्या हिमाच्छादित आल्प्स पर्वतात ती उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटरांचा प्रवास करून नेदरलँड्स देशात उत्तर समुद्राला मिळते. वाटेत तिचे रूप अनेकदा पालटते. कुठे ती सरोवरात विसावते, कुठे धबधबा होऊन उडी घेते, तर कुठे सपाट मैदानातून संथपणे वाहते. परंतु बिंगेन आणि कोब्लेंझ या दोन शहरांच्या दरम्यान सुमारे ६५ किलोमीटरपर्यंत तिला डोंगर कापीत जावे लागते. हा डोंगर पाटीच्या दगडाचा आहे. ज्या काळ्या गुळगुळीत पाटीवर पूर्वीची मुले धुळाक्षरांनंतरचे धडे गिरवीत, त्याच जातीचा हा दगड. लक्षावधी वर्षे भूमी हळूहळू वर उचलली जात होती आणि नदी तितक्याच चिकाटीने तिला खाली कापीत होती. त्या दीर्घ झुंजीतून ही खोल, अरुंद आणि नागमोडी दरी तयार झाली.

या दरीत काउब गाव अक्षरशः अंग चोरून उभे आहे. पाठीशी उभा डोंगर, समोर नदी आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, रस्ता आणि लोहमार्ग. डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत. पाटीचा दगड दिवसा ऊन शोषून घेतो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो. त्यामुळे त्या थंड प्रदेशातही द्राक्षे चांगली पिकतात. डोंगराच्या पोटातून छपरांसाठी दगडी पाट्या काढण्याच्या खाणीही येथे होत्या. अशा रीतीने डोंगराने गावाला पोसले खरे; पण तो कधी कोपलाही. १८७६ सालच्या मार्च महिन्यात एका रात्री डोंगराची कडा खचली आणि खालच्या घरांवर कोसळली. झोपेतच वीसहून अधिक माणसे गाडली गेली. नदीचा पूर आणि डोंगराचा कडा, या दोन भयांच्या मध्ये काउबचे लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत.

गावासमोर नदीच्या पात्रात एक खडकाळ बेट आहे. त्या बेटावर पांढऱ्या भिंतींचा, लहान लहान बुरुजांचा, टोकदार छपराचा एक जलदुर्ग उभा आहे. त्याचे पूर्ण नाव फाल्त्सग्राफेनश्टाइन. पण लोक त्याला नुसते ‘फाल्त्स’ म्हणतात. लांबून पाहिले तर प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून नांगर टाकलेले दगडी जहाजच वाटावे. नदीच्या वरच्या बाजूला त्याचे टोक जहाजाच्या नाळेसारखे निमुळते केलेले आहे. हिवाळ्यात वाहत येणारे बर्फाचे मोठाले तुकडे त्या टोकावर आपटून फुटावेत व दोन्ही बाजूंना वळावेत, हा त्यातील हेतू. बांधणाऱ्यांनी नदीचा स्वभाव नीट ओळखला होता. म्हणूनच इतकी शतके पूर, हिमखंड आणि युद्धे यांना तोंड देऊन तो दुर्ग उभा राहिला.

परंतु इतक्या कष्टाने पाण्यात किल्ला कशासाठी बांधला? शत्रूला अडवण्यासाठी म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. तो बांधला जकातीसाठी.

इ. स. १२७७ मध्ये काउब गाव आणि डोंगरावरील किल्ला फाल्त्स प्रांताच्या सरदारांनी विकत घेतला होता. त्याच घराण्यातील लुडविग पुढे जर्मनीचा राजा झाला. त्याने १३२४ मध्ये काउबला नगराचे अधिकार दिले आणि पुढे १३२७ च्या सुमारास बेटावर पाच कोनांचा एक उंच मनोरा उभारला. काही वर्षांनी त्याभोवती सहा बाजूंचा तट बांधण्यात आला. आता नदीच्या दोन तीरांमध्ये कोणाचेही गलबत लपून जाणे शक्य नव्हते. एका बाजूला गावाचा तट, वर डोंगरावर गुटेनफेल्स नावाचा किल्ला आणि पाण्याच्या मधोमध फाल्त्स. शिवाय पात्रावर साखळी ताणून नावा अडवीत असत. जकात भरावी, तेव्हा साखळी खाली जावी आणि नाव पुढे सरकावी.

त्या काळच्या एका नावाड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वरच्या प्रदेशातून द्राक्षाच्या मद्याची पिंपे घेऊन तो कोलोनच्या बाजारपेठेकडे निघाला आहे. खडक, भोवरे आणि वारा यांना चुकवीत तो कसाबसा येथवर येतो, तोच पुढे साखळी दिसते. पैसे मोजावे, मोकळे व्हावे आणि थोडे पुढे जावे, तर दुसऱ्या सरदाराचा नाका! मध्ययुगाच्या अखेरीस ऱ्हाइनवर असे पन्नासाहून अधिक नाके होते. ज्याच्या हाती काठावरचा एखादा डोंगर आला, त्याने तेथे किल्ला बांधावा आणि पाण्यावरून जाणाऱ्याकडून पैसा घ्यावा, अशी रीतच पडली होती. आज प्रवासी ज्या किल्ल्यांची शोभा पाहून हरखून जातात, त्यांतील पुष्कळांचे चिरे अशा नावाड्यांच्या पैशाने रचलेले आहेत.

ही जकात सर्वांनी मुकाट्याने मान्य केली असे मात्र नाही. राजा लुडविग आणि पोप बावीसावा जॉन यांचे वैर होते; पोपने १३२४ मध्ये राजाला धर्मबहिष्कृतही केले होते. या मनोऱ्यालाही पोपने विरोध केला. पण राजा बधला नाही आणि मनोरा पडला नाही. नदीवर साखळी घालण्याचा अधिकार मनगटातील बळावर ठरत होता, आणि बळ त्या वेळी राजापाशी होते.

पाच शतके अशी गेली. मग एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री या किल्ल्याला असे काम करावे लागले, की जे त्याच्या बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. साल होते १८१३ आणि तारीख ३१ डिसेंबर. लाइप्झिगच्या लढाईत पराभूत होऊन फ्रान्सचा सम्राट नेपोलियन मागे हटला होता. ऱ्हाइनचा डावा तीर तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. त्याचा पाठलाग करीत प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर उजव्या तीरावर काउबला येऊन पोहोचला. त्याचे वय ७१ वर्षांचे होते. सारे जग नव्या वर्षाची वाट पाहत असता त्याचे सैनिक गावच्या नावांतून काळोखात पलीकडे उतरू लागले. रशियन सैन्यातील कारागिरांनी तरंगत्या तराफ्यांवर फळ्या टाकून पूल बांधायला घेतला. तो आधी काउबपासून बेटापर्यंत आणि मग बेटापासून पलीकडच्या तीरापर्यंत न्यायचा होता. मध्येच प्रवाहाच्या जोराने पूल तुटला. तो पुन्हा जोडावा लागला. पुढील काही दिवसांत सुमारे ५०,००० सैनिक, हजारो घोडे आणि तोफा या पुलावरून पार झाल्या. जो किल्ला अडवण्यासाठी उभारला होता, तोच त्या दिवसांत ओलांडणाऱ्यांच्या पायाखालचा आधार झाला. ब्ल्यूखरचा पुतळा आज काउबमध्ये उभा आहे आणि ज्या घरात त्याने मुक्काम केला, तेथे संग्रहालय आहे.

युद्ध संपले. १८१५ मध्ये व्हिएन्ना येथे युरोपातील राज्यकर्ते एकत्र जमले. नकाशावरील सीमा आखताना त्यांनी एक तत्त्वही मान्य केले : जी नदी अनेक देशांतून वाहते, तिच्यावर नाव चालवण्यास सर्वांना मोकळीक असावी. या तत्त्वाची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऱ्हाइनवरील देशांचे एक मंडळ स्थापन झाले. १८१६ मध्ये त्याची पहिली बैठक भरली. आजही हे मंडळ फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथून आपले काम करीत आहे. तत्त्व मान्य होणे निराळे आणि साखळी सुटणे निराळे. जुन्या सवयी आणि जुने उत्पन्न कोणी सहजासहजी सोडीत नाही. १८३१ मध्ये मायन्झ येथे एक करार झाला, १८६८ मध्ये मान्हाइम येथे दुसरा. त्या दरम्यान १८६६ साली काउब प्रशियाच्या राज्यात आले आणि लवकरच फाल्त्सची जकात कायमची बंद झाली. सुमारे साडेपाचशे वर्षे घेतला गेलेला हात अखेर आखडला.

जकात गेली, तेव्हा काउबने काय करावे? सुदैवाने गावापाशी आणखी एक धन होते आणि ते कोणत्याही तिजोरीत ठेवलेले नव्हते. ते म्हणजे नदीची ओळख. या दरीत पाण्याखाली खडकांच्या धारा दडलेल्या आहेत. काउबच्या वरच्या अंगाला तर पात्राच्या एका भागाला ‘रानटी संकट’ अशा अर्थाचेच नाव आहे. कुठे ओघ ओढतो, कुठे पाणी फसवे आहे, कोणत्या ऋतूत वाट डावीकडे सरकते, हे परक्या नाविकाला कळणे अशक्य. ते येथील लोकांना बापजाद्यांपासून ठाऊक होते. म्हणून काउब हे जलमार्गाच्या वाटाड्यांचे ठाणे झाले. जहाज दिसले की वाटाड्याने होडीतून त्याच्यापाशी जावे, जहाजावर चढावे, सुकाणूपाशी उभे राहावे आणि संकटाचा टप्पा पार करून द्यावा. ज्या गावाचे पूर्वज नावा अडवीत होते, त्याच गावाचे वंशज आता त्या सुखरूप पुढे नेऊ लागले. मोबदला याही कामाचा मिळत होता; पण तो आता हक्काने मागता येत होता, कारण त्याच्या बदल्यात काही दिले जात होते. पुढे पात्रातील खडक फोडून वाट रुंद केली गेली, जहाजांवर रडार यंत्रे आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस वाटाड्यांचे हे काम थांबले.

मात्र त्याआधी काळाने काउबची एक विलक्षण थट्टा केली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. विजयी राष्ट्रांनी ऱ्हाइनच्या उजव्या तीरावर ताबा ठेवण्यासाठी नकाशावर कंपासाने अर्धवर्तुळे काढली. एकाचे केंद्र मायन्झ, दुसऱ्याचे कोब्लेंझ, आणि प्रत्येकाची त्रिज्या ३० किलोमीटर. ही वर्तुळे एकमेकांना भिडली नाहीत. मध्ये एक चिंचोळी पट्टी उरली. तिच्यात काउब, लोर्ख आणि काही खेडी सापडली. या पट्टीवर फ्रेंचांचा ताबा नव्हता, अमेरिकनांचा नव्हता आणि उरलेल्या जर्मनीशी तिला जोडणारा चांगला रस्ताही नव्हता. नकाशावर तिचा आकार बाटलीच्या मानेसारखा दिसे. म्हणून लोकांनी तिचे नाव ‘बाटलीच्या मानेचे स्वतंत्र राज्य’ असे ठेवले. १९१९ च्या जानेवारीपासून १९२३ च्या फेब्रुवारीपर्यंत हे नावापुरते राज्य टिकले. येथे आगगाडीने थांबायचे नाही आणि नावेने काठाला लागायचे नाही, असा हुकूम होता. अन्न आणि कोळसा डोंगरातील कच्च्या वाटांनी किंवा रात्री चोरून आणावा लागे. ज्या गावाने शतकानुशतके प्रत्येक नावेला बळाने थांबवले, त्याच्या काठाला आता एकाही नावेने थांबायचे नव्हते. समोरून नदी वाहत होती, जहाजे जात होती आणि गावातील मुले धक्क्यावर उभी राहून ती नुसती पाहत होती. दुसऱ्याची वाट बंद होणे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी कोणाला अडवले नव्हते, त्या मुलांना सोसावे लागले. कंपासाची एक रेघ कागदावर सहज ओढता येते. पण तिच्याखाली कोणाचे घर येते, ते रेघ ओढणाऱ्याला दिसत नाही.

आज काउबकडे साखळी नाही, जकात नाही आणि वाटाडेही नाहीत. तरीही सारी ऱ्हाइन रोज काउबची चौकशी करते. याचे कारण काठावरील एक मोजपट्टी. नदीच्या पाण्याची पातळी दाखवणारा जलमापक येथे आहे. मध्य ऱ्हाइनच्या या भागात जहाजांची वाट सर्वांत उथळ आहे, ती काउबच्या परिसरातच. वाटेत एकाच ठिकाणी पाणी कमी असले, तरी साऱ्या प्रवासासाठी माल बेतानेच भरावा लागतो. त्यामुळे चारशेहून अधिक किलोमीटर दूर, रॉटरडॅमच्या बंदरात, दक्षिणेकडील कारखान्यांसाठी कोळसा किंवा तेल भरणारा नाविक आधी विचारतो, ‘काउबला पाणी किती?’

या मापकाचे गणित थोडे समजून घेण्याजोगे आहे. त्याचे शून्य नदीच्या तळाशी नाही. मापकावर ७८ सेंटिमीटर आकडा दिसतो, तेव्हा जहाजांच्या वाटेत सुमारे १९० सेंटिमीटर खोल पाणी असते. म्हणजे आकड्यात सुमारे ११२ मिळवले की खऱ्या खोलीचा अंदाज येतो. उलटपक्षी, आकडा ६४० च्या वर गेला की पुरामुळे जहाजे थांबवावी लागतात. २०१८ साली पाऊस फारच कमी झाला आणि २२ ऑक्टोबरला मापकावर अवघे २५ सेंटिमीटर पाणी उरले. हिशेब केला तर वाटेची खोली सुमारे १३७ सेंटिमीटर येते. बारा वर्षांच्या मुलाची उंचीही साधारणतः याहून थोडी अधिक भरेल! मोठमोठ्या जहाजांना आपल्या क्षमतेच्या अर्ध्याहूनही कमी माल घेऊन तळ सांभाळीत जावे लागले. कारखान्यांना उत्पादन घटवावे लागले, काही ठिकाणी पेट्रोल मिळेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा ३० सेंटिमीटरांच्या आसपास उतरले. उन्हाळ्यात ऱ्हाइनला आल्प्सच्या बर्फाचा आधार असतो. परंतु पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने तेथील हिमनद्या आटत चालल्या आहेत. पात्राचा उथळ भाग आणखी २० सेंटिमीटर खोल करण्याची योजना जर्मन शासनाने आखली आहे. तळ खणता येईल. पण आकाशातून न पडलेला पाऊस आणि पर्वतावर न साठलेले बर्फ कोठून आणणार?

२००२ मध्ये ही सारी दरी जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. दूरदूरचे प्रवासी तेथे येतात. मायन्झ आणि कोब्लेंझ यांच्या दरम्यान ऱ्हाइनवर गाड्यांसाठी एकही पूल नाही. म्हणून काउबला अजूनही नावेतूनच पलीकडे जावे लागते. प्रवासी लहान नावेत बसून बेटावर उतरतात, फाल्त्सच्या तटावर चढतात आणि जेथून पहारेकरी येणारी गलबते न्याहाळीत, त्या झरोक्यांतून खाली पाहतात. खाली निरनिराळ्या देशांची निशाणे लावलेली जहाजे एकामागून एक जात असतात. कोणीही त्यांना थांबवीत नाही.

राजाचा मनोरा आणि काठावरची मोजपट्टी ही दोन्ही काउबचीच. मनोरा नावाड्याला सांगत असे, ‘थांब, आधी मला दे.’ मोजपट्टी सांगते, ‘पुढे जा, पण पाणी इतकेच आहे हे ध्यानात ठेव.’ मनोरा पाहायला लोक आजही येतात, कारण तो सुंदर आहे. मोजपट्टीपाशी मात्र क्वचितच कोणी थांबते. तरीही रोज पहाटे, दूरच्या बंदरात जहाज भरणारा नाविक विश्वासाने ज्या एका आकड्याची वाट पाहतो, तो आकडा त्या मोजपट्टीवरचा असतो.